मूळचं इंजिन म्हणजे नेमकं कुणाचं?

मे महिन्यात दुपारी दोनच्या सुमारास वर्धा रोडच्या सिग्नलवर कार्ब्युरेटरवाली जुनी गाडी बंद पडली, की नागपूरच्या माणसाला बॉनेट उघडायच्या आधीच कारण कळतं. पेट्रोल उकळलं. पंपात आणि त्याच्याकडे येणाऱ्या नळीत वाफ धरली, आणि पंपाला वाफ काही ओढता येत नाही. उपाय जुना आणि खात्रीचा आहे. गळ्यातला दुपट्टा बाटलीभर पाण्यात भिजवायचा, पंपावर गुंडाळायचा आणि दहा मिनिटं कडुनिंबाखाली उभं राहायचं. माझ्या मित्राच्या कॉन्टेसात, म्हणजे हिंदुस्तान मोटर्सच्या जुन्या मोटारीत, असा एक दुपट्टा कायम डॅशबोर्डखाली पडलेला असे. मागच्या उन्हाळ्यात मात्र दुपट्ट्यावर भागलं नाही. रेडिएटरचा पाइप फुटला, काटा लालात गेला, आणि ‘घर जवळच तर आहे’ म्हणून महाशयांनी गाडी तशीच दामटली. हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, तडा गेला.

तेव्हापासून ती मिस्त्रीच्या शेडमध्ये उभी आहे. मिस्त्रीने तीन वाटा सांगितल्या. हेडला वेल्डिंग करून घ्यायचं, टिकलं तर टिकलं. दुसरं त्याच जातीचं इंजिन भंगारात शोधायचं, पण तेही चाळीस वर्षांचं म्हातारं निघणार. किंवा सरळ एखादं नव्या काळातलं इंजिन बसवायचं. या तिसऱ्या वाटेवरून गेले काही महिने आमच्या चहाच्या टपरीवर जेवढी भांडणं झाली तेवढी विदर्भाच्या अनुशेषावरूनही झाली नसतील. एका बाजूचं म्हणणं, जुन्या गाडीत नवं इंजिन म्हणजे हेमाडपंती देवळाला टाइल्स लावणं. दुसऱ्या बाजूला तरुण पोरं आहेत. त्यांना कुठलंही इंजिन चालेल, आवाज फक्त मोठा हवा.

मी या दोघांपैकी कुणातच बसत नाही, पण माझं मत आहे आणि ते ठाम आहे. नीट बसवलेलं, तपासलेलं नवं इंजिन जुन्या गाडीत असायला हरकत नाही, आणि आपल्या कायद्याने त्याला वाट ठेवली पाहिजे. आज ती जवळपास बंद आहे.

हा वाद आपल्याकडे आला अमेरिकेतून. तिथे साठच्या दशकातल्या मसल कार, म्हणजे बेताच्या अंगात दांडगं इंजिन असलेल्या गाड्या, घ्यायच्या आणि त्यांत आजची इंजिनं बसवायची हा मोठाच उद्योग आहे. त्यातलं सगळ्यांत लाडकं इंजिन जनरल मोटर्सचं एलएस. १९९७ साली ते कॉर्व्हेट या त्यांच्या स्पोर्ट्स गाडीत आलं. ५.७ लिटर, अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक, ३४५ हॉर्सपॉवर. व्हॉल्व्ह उघडणारी कॅमशाफ्ट हेडवर न ठेवता जुन्या पद्धतीने ब्लॉकमध्येच ठेवल्याने त्याचा आकार आटोपशीर राहिला, त्यामुळे ते कुठल्याही जुन्या बॉनेटखाली मावतं. तिथले सनातनी यावर नाक मुरडतात. गाडीवरचे आणि इंजिनवरचे नंबर जुळले पाहिजेत, कारखान्यातून निघाली तशीच राहिली पाहिजे, वगैरे.

आता मजा बघा. मसल कार ही चीजच मुळात इंजिन बदलून जन्माला आली. १९६४ची पॉन्टिअ‍ॅक जीटीओ ही त्या घराण्याची मूळ पुरुष मानतात. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांपेक्षा, म्हणजे साधारण ५.४ लिटरपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही, असा जनरल मोटर्सचा स्वतःचाच दंडक होता. जनरल मोटर्सच्याच पॉन्टिअ‍ॅक शाखेतल्या जॉन डिलोरियन या इंजिनिअरने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी टेम्पेस्ट नावाच्या सरळमार्गी गाडीत मोठ्या पॉन्टिअ‍ॅकचं ३८९ घन इंचांचं इंजिन बसवलं, आणि दंडकातून सुटायला त्याला वेगळं मॉडेल न म्हणता जादा पैसे भरून घ्यायचं ‘पॅकेज’ म्हटलं. वरिष्ठांच्या ध्यानात येईपर्यंत गाड्या खपू लागल्या होत्या. लहान अंगात मोठं इंजिन, तेही नियमाला बगल देऊन. त्या गाडीच्या वंशजांपुढे ‘कारखान्याने दिलं तेच पवित्र’ म्हणणं म्हणजे गंधर्वविवाहातून जन्मलेल्या पोराने पत्रिका जुळवायला बसण्यासारखं आहे.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे तर विचारूच नका. कॉन्टेसाला लोक कौतुकाने भारताची मसल कार म्हणतात. लांब नाक, रुंद बसकी बांधणी, मागच्या चाकांना ताकद. पण ती अंगाने ब्रिटिश, व्हॉक्सहॉलच्या सत्तरच्या दशकातल्या गाडीच्या साच्यांतून काढलेली. १९८४ साली हिंदुस्तान मोटर्सने ती बाजारात आणली तेव्हा त्या पैलवानाच्या पोटात अ‍ॅम्बेसेडरचं दीड लिटरचं, पन्नासेक हॉर्सपॉवरचं इंजिन होतं. ते इंजिनही मूळचं दुसऱ्याच ब्रिटिश कंपनीचं, मॉरिसच्या घराण्यातलं. अंग एकाचं, पोट दुसऱ्याचं. चढावर ट्रक पुढे जायचे. पुढे कारखान्यानेच ते काढून इसुझूचं १.८ लिटरचं जपानी इंजिन आणि पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवला, ताकद ८८च्या घरात गेली, आणि मग कुठे कॉन्टेसा कॉन्टेसासारखी पळायला लागली. आज जिला आपण ‘क्लासिक’ म्हणतो ती ही बदललेलीच.

मग मूळचं म्हणायचं कुठलं? मॉरिसचं की इसुझूचं?

हे एकट्या कॉन्टेसाचं नाही. अ‍ॅम्बेसेडरमध्येही नव्वदच्या दशकात तेच इसुझू इंजिन आलं. प्रीमियर ११८ एनई अंगाने फियाट आणि इंजिनाने निस्सान होती. परदेशातून साचे आणायचे, मिळेल त्याचं इंजिन आणायचं आणि दोघांचं लग्न लावायचं, अशी आपल्या मोटार कारखान्यांची निम्मी हयात गेली. कारखान्यांनी उघड केलं ते मिस्त्रींनी शेडमध्ये केलं. ज्यांनी ऐंशीचं दशक पाहिलंय त्यांना मॅटाडोरचं डिझेल इंजिन घातलेल्या जीपा आणि अ‍ॅम्बेसेडर आठवतील. जबलपूरच्या कारखान्यात सैन्यासाठी बनलेल्या जोंगा लिलावात निघायच्या. चार लिटरचं निस्सानचं पेट्रोल इंजिन असलेली ती अजस्र गाडी घेणारा हौशी माणूस आधी पहिली टाकी भरायचा आणि मग डिझेल इंजिन शोधायला निघायचा. यांतल्या कुणालाही आपण वारसा बिघडवतोय असं वाटलं नाही. गाडी परवडली पाहिजे, एवढाच हिशेब.

आजचा हिशेब वेगळा आहे. जुनं इंजिन आज ज्या इंधनावर चालवायचं आहे ते त्याच्यासाठी बनवलेलंच नाही. पहिला धक्का २००० सालात बसला. त्या फेब्रुवारीपासून देशभर पेट्रोलमधून शिसं गेलं. फार चांगलं झालं. मुलांच्या रक्तातलं शिसं हा थट्टेचा विषय नव्हे. पण जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्ह सीटला, म्हणजे व्हॉल्व्ह ज्यावर येऊन बसतो त्या कडेला, त्या शिशाचंच वंगण होतं. ते गेल्यावर मऊ बिडाच्या सीट झिजू लागल्या आणि ज्यांनी हेड उतरवून टणक सीट बसवून घेतल्या त्यांच्याच गाड्या टिकल्या. सनातन्यांच्या व्याख्येने तोही बदलच. दुसरा धक्का इथेनॉलचा. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट आधी २०३० सालचं होतं, ते २०२५ मध्येच गाठलं गेलं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, जुन्या रबराच्या नळ्या आणि वॉशर मऊ करतं, आणि लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा देतं. त्यात प्राणवायू असल्याने जुन्या जेटवर चालणाऱ्या कार्ब्युरेटरचं मिश्रण पातळ होतं आणि इंजिन तापतं. त्यात नागपूरचा मे महिना, ४७ अंश बघितलेलं गाव. बिचाऱ्या इसुझूने कुठे कुठे तोंड द्यायचं?

नव्या इंजिनाला यातलं काही सांगावं लागत नाही. धुराच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर मिश्रण मोजतो, ईसीएम, म्हणजे इंजिनाचा छोटा संगणक, ते क्षणाक्षणाला सुधारतो. पंप टाकीत, पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि नळीत तीनेक बारचा दाब असतो. त्या दाबाखाली पेट्रोल सहजासहजी उकळत नाही. म्हणजे दुपट्टा गळ्यातच राहतो.

धुराचं म्हणाल तर फरक विचारूच नका. पीयूसीच्या केंद्रावर जुन्या चारचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मुभा ३ टक्के आहे, बीएस-४ (भारत स्टेज ४) या नव्या निकषाच्या गाडीला ०.३ टक्का. सरळ दहा पट. आपल्याकडे नव्या पेट्रोल गाड्यांनी किती धूर सोडावा याचे वजनात मोजलेले राष्ट्रीय निकष १९९१ साली आले, त्याआधीची गाडी तर तशा निकषाविनाच कारखान्यातून निघालेली. कॉन्टेसात धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसकट बीएस-४ इंजिन बसलं तर माझ्या मित्राच्या मागे स्कूटरवर थांबलेल्या पोरीच्या छातीत कमी धूर जाईल. एवढा साधा फायदा कायद्याला दिसत नाही.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की नोंदणीपुस्तकात लिहिलेला तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलापासून हटेल असा बदल करायचा नाही. केरळमधून गेलेल्या एका प्रकरणात जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच रेघ ठळक केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने शिक्षाही घातली. परवानगी नसलेला बदल केला तर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. याच कलमात एक खिडकी मात्र आहे. मान्यताप्राप्त किट लावून गाडी सीएनजीवर, एलपीजीवर किंवा बॅटरीवर नेता येते. म्हणजे मित्राने कॉन्टेसाचं इंजिन कायमचं उपटून फेकलं आणि तिथे मान्यता असलेली मोटार आणि बॅटरी बसवली, तर कायदा पाठ थोपटेल. त्याच जागी जास्त स्वच्छ पेट्रोल इंजिन बसवलं तर गुन्हा. मूळ रूप जपायचं असेल तर दोन्हींना नको म्हणा. धूर कमी करायचा असेल तर दोन्हींना तपासून हो म्हणा. हे अर्धवट सोवळं कुठल्या शास्त्रात बसतं?

मग आला जुलै २०२१चा व्हिंटेज गाड्यांचा नियम. तो काढणारं रस्ते वाहतूक मंत्रालय ज्यांच्याकडे आहे ते नितीन गडकरी आमच्या गावचे खासदार, त्यामुळे इथल्या जुन्या गाडीवाल्यांनी तो जास्तच बारकाईने वाचला. पन्नास वर्षांपेक्षा जुन्या दुचाकी-चारचाकीला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, दहा वर्षांची मुदत. गाडी रोज वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली, डागडुजी, पेट्रोल भरणं, एवढ्यापुरतीच बाहेर काढायची. आणि अट अशी की चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. नियम चांगला आहे, मनापासून सांगतो. देवघरातल्या मूर्तीसाठी तो योग्यच आहे. पण १९८४ची पहिली कॉन्टेसासुद्धा पन्नाशी २०३४ मध्ये गाठणार. तोवर ती ना व्हिंटेज ना आधुनिक, आणि भंगारवाला मात्र दर आठवड्याला फाटकाशी उभा.

आता विरोधकांची बाजू, आणि ती पोकळ नाही. इंजिन नंबर हा पोलिसांचा मोठा आधार आहे. कुठलंही इंजिन कुठेही बसवायची मुभा दिली तर चोरीच्या गाड्यांच्या इंजिनांना रातोरात नवं घर मिळेल. हा धोका खरा आहे आणि ‘आमची हौस आहे’ हे त्याला उत्तर होत नाही. म्हणून इंजिन आलं कुठून याचा कागद हवाच: कुठल्या गाडीतलं, ती गाडी रद्द झाल्याचा दाखला कुठे, विकलं कुणी.

दुसरी बाजू मला मिस्त्रीनेच शिकवली. पोरं त्याला सारखी विचारतात, दीडशे हॉर्सपॉवरचं इंजिन बसन का? तो म्हणतो, “बसवून देतो ना भाऊ, फाउंडेशन बनवू, शाफ्ट कापू, सम्पला क्रॉसमेंबर लागला तं थोडा खाली-वर करू. गाडी पयन. पण थे थांबन कशी?” यापुढे पोरांकडे उत्तर नसतं. मी घरी येऊन हिशेब केला. ऐंशीच्या वेगाने जाणारी गाडी थांबवताना ब्रेकला जेवढी ऊर्जा गिळावी लागते त्याच्या सव्वादोन पट एकशेवीसच्या वेगाला लागते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. आणि एकशेवीस काही दूर नाही, समृद्धी महामार्ग नागपूरच्या उंबऱ्यातूनच सुरू होतो आणि तिथे मोटारींना तेवढी परवानगी आहे. ऐंशीच्या दशकातल्या ब्रेकवर, टायरवर, स्टिअरिंगवर आणि नुसत्या कमरेच्या पट्ट्यावर त्या वेगाने जायचं? इंजिन बदलणं त्यामानाने सोपं काम आहे. त्याच्या मागोमाग ब्रेक, रेडिएटर, गिअरबॉक्स, मागचा अ‍ॅक्सल, वायरिंग असं सगळं बदलत जावं लागतं, आणि पैसे बहुतेकांचे इंजिनावरच संपतात. रस्त्यावर दिसणाऱ्या ‘स्वॅप’ गाड्यांपैकी किती जणींना मी माझ्या पोराला बसू देईन? फार थोड्या.

पण म्हणूनच तर तपासणी हवी. बंदीने हे थांबत नाही, लपतं. मिस्त्री रात्री काम करतो, नोंदणीपुस्तकात जुनाच नंबर राहतो, आणि ब्रेक कुणीच बघत नाही. अपघात झाला की विमा कंपनी हात वर करते. मरतो तो समोरचा, ज्याचा या हौसेशी काडीचा संबंध नाही.

बाहेर यावर वाटा निघालेल्या आहेत. कॅलिफोर्निया धुराच्या बाबतीत जगात सगळ्यांत कडक म्हणावं असं राज्य. तिथे इंजिन बदलता येतं, अट अशी की नवं इंजिन गाडीच्याच सालातलं किंवा त्यानंतरचं हवं आणि त्याची धूर आवरणारी सगळी यंत्रणा सोबत आली पाहिजे. सरकारने नेमलेला पंच गाडी तपासतो आणि गाडीवर चिकटपट्टी लावतो. पुढल्या तपासणीला तीच बघतात. ब्रिटनमध्ये बरीच वर्षं एक गुणपद्धत वापरात होती. बदललेल्या गाडीला जुना नंबर ठेवायचा तर आठ गुण लागायचे. मूळ चासीला पाच, सस्पेन्शन, अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स, स्टिअरिंग यांना प्रत्येकी दोन, आणि इंजिनाला फक्त एक. आमच्या टपरीवर ज्यावरून वाटी-पेले आपटतात त्या इंजिनाची किंमत तिथे चौदापैकी एक!

आपल्याकडे हे अशक्य का असावं? पुण्यात १९६६ पासून एआरएआय ही वाहनं तपासणारी संस्था आहे. सीएनजी आणि बॅटरीच्या किटांना मान्यता देण्याचं काम अशा संस्था करतातच. नागपुरातच व्हीएनआयटीसारखी संस्था आहे, यंत्र अभियांत्रिकीचे विभाग आहेत. गाडीच्या सालानंतरचंच इंजिन, कन्व्हर्टर-ईसीएमसकट, उगमाचा कागद, ताकदीच्या वाढीला टक्क्यांत मर्यादा, आणि ब्रेकची चाचणी डोळ्यांसमोर. फी पंचवीस हजार ठेवा; ज्याला परवडत नाही त्याला नीट काम करणंही परवडणार नाही. एवढी मोजदाद आपल्याला नक्की जमेल.

एक अपवाद मात्र मी कुणाशीही भांडून मागेन. दुर्मीळ गाडीला हात लावायचा नाही. १९६९च्या कॅमेरो दोन लाखांहून जास्त निघाल्या, पण अ‍ॅल्युमिनियमच्या ४२७ इंजिनाच्या झेडएल-१ फक्त ६९. त्या ६९ मधल्या एकीचं इंजिन काढणारा माणूस करवत घेऊन वेरूळला गेलेला समजावा. आपल्याकडेही ज्या गाडीचे मोजके नग उरलेत, किंवा जिच्या मागे एखाद्या संस्थानाचा, एखाद्या नेत्याचा इतिहास आहे, तिच्यासाठी व्हिंटेजचा नियम आहे आणि तो कडकच असावा. आणि बाकीच्यांनीही काढलेलं इंजिन विकू नये, जपून ठेवावं, बदल परत फिरवता येईल असाच करावा. चासी कापली की परतीची वाट संपते.

एका आक्षेपाला माझ्याकडे उत्तर नाही, तो काकाजींचा. काकाजी म्हणजे मित्राचे वडील. गाडी त्यांनीच घेतलेली. धूर, इथेनॉल, कलम ५२, ब्रिटनचे गुण, सगळं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “तुझं सगळं बरोबर आहे बाबू. पण सकाळी चावी फिरवल्यावर ती जशी खाकरते ना, तशी नवी खाकरेल का?” नाही खाकरणार काकाजी. नवं इंजिन पहिल्या झटक्यात गुमान सुरू होतं.

गेल्या रविवारी शेडमध्ये गेलो होतो. निर्णय व्हायचाय, कागदाचं काय होईल ते ठाऊक नाही, पण तडकलेलं इंजिन मिस्त्रीने चेन-पुलीने वर काढलंच. लोखंडी घोड्यावर लटकून ते हळूहळू फिरत होतं, खालच्या जुन्या टायरवर काळं तेल ठिबकत होतं. टायरवर टेकवल्यावर मिस्त्रीने हेड उतरवलं, सिलिंडरच्या आत तेल सोडलं, वर ग्रीस फासून प्लास्टिक बांधलं आणि गोणपाट गुंडाळायला घेतलं. काकाजींनी त्याला हाताने थांबवलं. वाकून ब्लॉकवरचा मळ अंगठ्याने पुसला, चष्मा कपाळावर सरकवला आणि खिशातली डायरी काढून इंजिन नंबर एकेक आकडा मोठ्याने वाचत लिहून घेतला. मग म्हणाले, “आता बांध.”